हातावर पोट

नावेत सात जण. सहा वल्हवणाऱ्या
आणि सातवा मी, सुकाणूशी.
त्यांची पाठ शर्यतीच्या शेवटाकडे, तोंडं माझ्याकडे.
पुढचं पाणी मला एकट्याला दिसतं,
त्यांना दिसते माझी लोकरी टोपी, माझी दाढी.
छातीत बसवलेली बारीक जाळीची नळी
दिसत नाही कुणालाच.

त्या नळीनंतर, टोर्सहाव्नच्या इस्पितळात,
मला जागच्या जागी सायकल चालवायला बसवलं होतं.
तोंडाला मुखवटा, बोटाला चिमटा,
आणि रान्वा नावाची पोरगेलीशी परिचारिका
कागदावरची रेघ बघत म्हणाली,
"हानुस, तुझ्या अख्ख्या अंगात या घटकेला
तयार ताकद किती आहे, माहीत आहे?
जोर लावलास तर दोन-तीन सेकंदांची.
बाकी सगळी तिथल्या तिथे करायची, खर्चायची, पुन्हा करायची."

म्हणजे हातावर पोट की गं.
आमच्या आईसारखं. धक्क्यावर
आज मासळी खारवली तर आज पाव.

पिस्तूल वाजलं.
पहिले काही हात फुकटचे.
स्नायूंच्या कोनाड्यात थोडी चिल्लर असते म्हणे,
श्वासाला न विचारता उचलायची.
सुन्वाच्या दंडात ती भरपूर,
मधल्या बाकावरून तिने असा हिसका दिला
की नाव पाण्याबाहेर बघू लागली.

धक्क्याच्या टोकापाशी चिल्लर संपली.

मग साखर. कालच्या रात्रीच्या बटाट्यांची,
योरुनच्या घरी सहाजणींनी मीठ लावून खाल्लेल्या,
वर रुबार्बचा मुरंबा, बोटं चाटून.
ती आता फुटते घाईघाईने, अर्धीमुर्धी,
ओल्या मातीच्या ढेकळांवर पेटवलेल्या शेगडीसारखी.
मार्युनच्या ओठांभोवती पांढरी कड उमटते.
मांड्या पेटल्यात, हे मला तिच्या भुवया सांगतात.

आमच्या वेळी आम्ही त्याला विष म्हणायचो.
रान्वा हसली होती. विष कसलं?
मांडीने बाहेर टाकलेलं ते रक्तातून फिरतं
आणि हृदय ते आवडीने खातं.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
चाळीस वर्षं ज्या जळजळीला मी शिव्या घातल्या
तिच्यावर हे बिचारं
जेवत होतं.

अर्ध्यावरची पिवळी बोय.
आता सहा छात्या एकच भाता.
डोंगराच्या खिंडीतून येणारा गार वारा आत जातो,
प्रत्येक तंतूतल्या बारक्या बारक्या चुलींपर्यंत,
आणि बाहेर येतो तेव्हा
कालचे बटाटे घेऊन येतो. खरंच.
ते वाफ होऊन माझ्या चष्म्यावर बसतात.
मी बाहीने पुसतो. पुन्हा बसतात.

"शंभर उरले!" मी ओरडलो.
होते दीडशे.
हे रान्वाने शिकवलेलं नाही.
अंग कधीच सगळं देत नाही,
कुठेतरी एक कंजूष कारकून बसलेला असतो आत,
त्याला फसवावं लागतं.
मार्युनचे डोळे माझ्यावर रोखलेले,
आणि माझा चेहरा, देवाशप्पथ, हलला नाही.

तिसरे आलो. चौघांत.

वल्ही पाण्यात लोंबकळतात,
नाव आपली वाहत चाललेली,
कुणी काही करत नाहीये
तरी सहाही जणी धापा टाकतायत,
किती वेळ, किती वेळ.
काठावरची पोरं हसतात. हसू देत.
चिल्लर परत कोनाड्यात ठेवायची असते.
उसनं फेडायचं असतं.

मी एकही हात मारला नव्हता
आणि माझंही धडधडत होतं, नळीसकट.

"अब्बी," माझी नात म्हणाली, धापेधापेतून,
"शंभर?"

मी काही बोललो नाही.
खिशातून राईचा पाव काढला, अर्धा मोडला,
आणि फोड फुटलेल्या तिच्या तळव्यावर ठेवला.